पहिल्यांदाच विमानाने, तेही एकट्याने कॉन्फरन्सला चाललात? मग हे वाचून घ्या

ॲबस्ट्रॅक्ट सिलेक्ट झाल्याचा मेल येतो, एक-दोन दिवस आनंदात जातात, आणि मग लक्षात येतं की कॉन्फरन्स गुवाहाटीला आहे, रेल्वेने जायचं म्हटलं तर जाण्यायेण्यातच पाच-सहा दिवस मोडणार, म्हणजे विमानाशिवाय इलाज नाही, आणि घरात आजवर कुणी विमानात बसलेलं नाही. आमच्या सांगली-कोल्हापूरकडच्या पीएचडीच्या आणि एमएस्सीच्या मुलामुलींना दरवर्षी या चक्रातून जाताना बघते. हुशार मुलं असतात, पेपर चांगला असतो, पण एअरपोर्टवर नेमकं काय करायचं हे विचारायला लाजतात. म्हणून सगळं एका जागी लिहितेय. उदाहरण गुवाहाटी आयआयटीचं घेतलंय, कारण लांबचा पल्ला, मधे विमान बदलणं, नदीपलीकडचा कॅम्पस असं सगळंच त्यात येतं. हे जमलं की बेंगळुरू-हैदराबाद अगदीच सोपं.

आधी पैशाचं बघा, तिकिटाचं नंतर

तिकीट काढायची घाई करू नका. आधी डिपार्टमेंटमधे आणि अकाउंट सेक्शनमधे जाऊन तीन गोष्टी विचारा: पैसे कोणत्या हेडमधून (म्हणजे खर्चाच्या कुठल्या खात्यातून) मिळणार, ॲडव्हान्स मिळतो का, आणि तिकीट कुठून काढलेलं चालतं. हा तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. केंद्र सरकारच्या पैशातून होणाऱ्या प्रवासाला बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी या तीनच एजंटांकडून तिकीट काढायचं असा अर्थ मंत्रालयाचा २०२२ चा आदेश आहे, आणि प्रोजेक्टचा पैसा केंद्राचा असेल तर बरीच ऑफिसं तोच नियम विद्यार्थ्यांनाही लावतात. तुम्ही मोबाईलवरच्या कुठल्यातरी ॲपवरून ऑफर बघून तिकीट काढलंत आणि नंतर बिल परत आलं तर भांडून उपयोग नसतो. आयआरसीटीसी म्हणजे फक्त रेल्वे नव्हे बरं का, त्यांची विमान तिकिटाची वेगळी वेबसाइट आहे, आणि अकाउंट उघडायला अवघड काही नाही.

जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) असेल तर महिन्याला ३७,००० मिळतात पण ते कधी वेळेवर येतात कधी चार महिन्यांनी एकदम, आणि फेलोशिप नसलेल्या मुलांचं तर विचारूच नका. बहुतेक ठिकाणी आधी स्वतःच्या खिशातून घालायचे आणि नंतर बिल लावून मिळवायचे असाच प्रकार असतो. त्यामुळे रजिस्ट्रेशन फी, जाण्यायेण्याचं तिकीट, राहणं आणि वर थोडे हातात, एवढ्याची सोय झाल्याशिवाय होकार कळवू नका. अर्ली बर्डची, म्हणजे कमी फीत नाव नोंदवायची, तारीख चुकवू नका, विद्यार्थ्यांसाठीची फी वेगळी असते ती नीट वाचा, आणि आयोजकांना सरळ मेल करून विचारा की स्टुडंट ट्रॅव्हल सपोर्ट आहे का, होस्टेलमधे राहायची सोय होते का. बऱ्याच कॉन्फरन्समधे असतं, पण जो विचारतो त्यालाच मिळतं. परदेशातली कॉन्फरन्स असेल तर पूर्वीच्या एसईआरबीची आणि आता एएनआरएफकडे (संशोधनाला पैसे देणारी केंद्राची संस्था) गेलेली आंतरराष्ट्रीय प्रवासाची योजना आहे, सीएसआयआरचीही आहे, पण त्यांचे अर्ज खूप आधी करावे लागतात.

तिकीट काढताना

नाव. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर दुसरंच काही. लग्न झालेल्या मुलींचं तर कॉलेजात एक आणि आधारवर एक. तिकिटावर तेच नाव टाका जे तुम्ही एअरपोर्टवर दाखवणार त्या ओळखपत्रावर आहे, स्पेलिंगसकट. फर्स्ट नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव, लास्ट नेमच्या रकान्यात आडनाव, आणि पैसे भरायच्या आधी आधार शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. नंतर बदल करायला एअरलाइनच्या मागे लागावं लागतं आणि बऱ्याचदा पैसेही जातात.

कुठल्या एअरपोर्टवरून आहे ते बघा, नुसतं शहर बघू नका. मुंबईत टर्मिनल १ आणि टर्मिनल २ वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, एकातून दुसऱ्यात चालत जाता येत नाही, आणि आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय, ते उलव्याला आहे. स्वस्त दिसलं म्हणून बुक केलं आणि विमान नवी मुंबईहून आणि तुम्ही अंधेरीत, असं व्हायला नको. तिकिटावर बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. गोव्याचंही तसंच आहे, दाबोळी दक्षिणेला आणि मोपा पार पेडण्याला, तेव्हा दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत किंवा झुआरीनगरच्या बिट्स पिलानीच्या कॅम्पसला जायचं असेल तर दाबोळीच बघा.

रात्री बाराच्या पुढच्या विमानात तारखेचा घोळ होतो. तिकिटावर १२ तारीख आणि वेळ ००:४० असेल तर तुम्हाला ११ तारखेच्या रात्रीच एअरपोर्टवर पोचायचंय. १२ ला रात्री गेलात तर विमान जाऊन चोवीस तास होत आलेले असतील. कॅलेंडरमधे घरातून निघायची वेळ लिहा, विमानाची नको.

मधे विमान बदलायचं असेल, म्हणजे पुण्याहून दिल्ली किंवा कोलकाता आणि तिथून गुवाहाटी, तर दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) असलेलं तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी घ्या. एक पीएनआर असला की पहिलं विमान लेट होऊन दुसरं चुकलं तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी एअरलाइनची असते. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर दुसऱ्या एअरलाइनच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, पैसे गेले. मधला वेळ निदान दोन तासांचा ठेवा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी दिल्लीमार्गे जाणं शक्यतो टाळा, धुक्यामुळे तिथली विमानं तासन्तास लटकतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच कॉन्फरन्स नेमक्या डिसेंबरमधेच असतात. मुंबईहून गुवाहाटीला थेट विमान मिळतं, साधारण तीन तासांचं. पहिल्यांदाच जात असाल तर मी म्हणेन मुंबईपर्यंत रेल्वेने जा आणि थेट विमान पकडा.

आणि एक दिवस आधी पोचा. उद्घाटन सकाळी दहाला असताना त्याच दिवशी सकाळच्या विमानाने जायचं धाडस करू नका, एक रात्रीचं जास्तीचं भाडं परवडतं पण स्वतःचं प्रेझेंटेशन हुकलेलं परवडत नाही.

बॅग भरताना

देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक १५ किलो चेक-इनमधे (म्हणजे काउंटरवर द्यायच्या बॅगेत) आणि ७ किलो हातातल्या बॅगेत एवढं चालतं. तिकिटावर लिहिलेलं असतं ते वाचा, आणि घरी वजन करून बघा. काही एअरलाइन्स स्टुडंट फेअर देतात, त्यात जादा सामान मिळतं, फक्त कॉलेजचं ओळखपत्र जवळ पाहिजे.

दोन-तीन दिवसांची कॉन्फरन्स असेल तर सगळं ७ किलोत बसवता येतं, मग चेक-इनची लाइनही नाही आणि बॅग हरवायची भीतीही नाही. बॅग देणारच असाल तर लॅपटॉप, औषधं, पेन ड्राइव्ह, प्रेझेंटेशनच्या दिवशीचा एक ड्रेस आणि सगळे कागद हातातल्या बॅगेत.

पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकायची नाही, हातातच ठेवायची. बॅटरीला आग लागली तर केबिनमधे कुणाच्यातरी लक्षात येतं, सामानाच्या कप्प्यात येत नाही, म्हणून हा नियम. १०० वॅट-अवरपर्यंत चालते, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-अवरची, ती चालते. पण त्यावर आकडा छापलेला दिसला पाहिजे, खोडलेला असेल तर काढून घेऊ शकतात. कात्री, कटर, नेलकटरमधली सुरी हे सगळं चेक-इनच्या बॅगेत. लायटर आणि काडेपेटी घरीच.

आता खाण्याचं. आई डबा देणारच आणि द्यावाच, कारण एअरपोर्टवर चहालासुद्धा भरमसाट पैसे लागतात. दशम्या, धपाटे, लाडू, चिवडा हातातल्या बॅगेत न्यायला काही हरकत नाही. तेलाचं लोणचं हातात नको, नीट पॅक करून चेक-इनमधे द्या. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या कुठल्याच बॅगेत नको, खोबऱ्यात तेल असतं आणि ते पेट घेणाऱ्या वस्तूंमधे धरतात, स्कॅनरमधे दिसलं की बॅग उघडायला लावतात. पाण्याची बाटली रिकामी न्या, सिक्युरिटी झाल्यावर आत नळ असतात तिथे भरून घ्या.

पोस्टर असेल तर त्याचा विचार आधीच करा. ए-झिरो म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर, गुंडाळी केली तरी नळकांडं जवळपास तीन फुटांचं होतं, आणि हातात एकच बॅग न्यायची असा नियम असल्यामुळे काउंटरवर कुणी सोडतं कुणी नाही. मी मुलांना कापडावर छापायला सांगते. आपल्याकडे फ्लेक्सवाले गल्लोगल्ली आहेत, त्यातले बरेच जण कापडावरही प्रिंट करून देतात, घडी घालून बॅगेत जातं, तिथे गेल्यावर इस्त्री मारली किंवा रात्रभर टांगून ठेवलं की झालं. फक्त छापायच्या आधी आयोजकांचा मेल उघडून बोर्डचं माप आणि उभं की आडवं हे बघा. सोबत पीडीएफ मेलवर ठेवा म्हणजे वेळ पडली तर तिथेच छापता येतं.

वेब चेक-इन

म्हणजे घरूनच ऑनलाइन बोर्डिंग पास (विमानात बसायचा पास) काढून ठेवणं. बहुतेक एअरलाइन्सचं ४८ तास आधी सुरू होतं. पीएनआर आणि आडनाव टाकायचं. मधेच सीट निवडा म्हणून पान येतं आणि जवळपास प्रत्येक सीटपुढे पैसे दिसतात, तिथे मुलं घाबरून पैसे भरतात. गरज नाही, वगळून पुढे जा म्हणणारं बटण कुठेतरी बारीक अक्षरात असतं, ते दाबलं की सीट आपोआप मिळते. बोर्डिंग पास मोबाईलवर ठेवा आणि एक कागदावर छापून घ्या, मोबाईलची बॅटरी ऐनवेळी संपू शकते.

एअरपोर्टवर, दारापासून विमानापर्यंत

देशांतर्गत विमानासाठी दोन तास आधी दारात असा, पहिल्यांदा जाताय तर अडीच तास. चेक-इन काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतो आणि गेट (विमानाकडे जायचं दार) २०-२५ मिनिटं आधी, आणि एकदा बंद झालं की विमान समोर उभं दिसत असलं तरी कुणी सोडत नाही. पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने स्वारगेटला उतरलात तर लोहगावचं एअरपोर्ट बरंच लांब आहे, सकाळच्या ट्रॅफिकचा हिशोब धरा. मेट्रोने जाणार असाल तर रामवाडीपर्यंत, पुढे रिक्षा. मुंबईत आता मेट्रो ३ ची टी-१ आणि टी-२ अशी दोन्ही स्टेशनं आहेत, सीएसएमटीला उतरून बॅग घेऊन टॅक्सी शोधत बसायची गरज राहिली नाही.

दारात सीआयएसएफचे जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतात. आधार, मतदान कार्ड, लायसन्स, पासपोर्ट काहीही चालतं, पण मूळ कार्ड जवळ ठेवा, झेरॉक्सवर सोडत नाहीत. डिजीयात्रा नावाचं ॲप आहे, घरीच आधार जोडून चेहऱ्याचा फोटो देऊन ठेवला की वेगळ्या दारातून चेहरा दाखवून आत जाता येतं. सक्तीचं नाही, नसेल तर साध्या लाइनीत उभं राहायचं.

आत गेलात की वर मोठ्या स्क्रीनवर तुमच्या विमानाचा नंबर शोधा, त्यापुढे काउंटर नंबर असतो. बॅग द्यायची असेल तर तिथे द्या. ते बॅगेला पट्टी लावतात आणि तिचा छोटा तुकडा तुम्हाला देतात, तो जपून ठेवा. विमान बदलायचं असेल तर तिथेच विचारा, "बॅग गुवाहाटीलाच मिळणार ना?" आणि पट्टीवर जीएयू (गुवाहाटीचा कोड) लिहिलंय का बघा. दोन्ही विमानांचे बोर्डिंग पासही तिथेच मागून घ्या.

मग सिक्युरिटी. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण मागून लोक ढकलत असतात. लाइनीत असतानाच खिशातलं सगळं, घड्याळ, पट्टा, मोबाईल बॅगेत टाकून द्या म्हणजे ट्रेपाशी पोचल्यावर धांदल होत नाही. लॅपटॉप आणि पॉवर बँक बाहेर काढून ट्रेमधे वेगळे ठेवायला सांगतात. बायकांची तपासणी पडद्याआड महिला जवान करतात, रांगही वेगळी असते. बॅग बाजूला काढली तर घाबरायचं नाही, त्यांना स्क्रीनवर काहीतरी नीट दिसलं नाही एवढंच, उघडून दाखवायची. बाहेर पडताना ट्रे मोजा, लॅपटॉप ट्रेमधेच राहून जाण्याचे प्रकार रोज होतात.

आता गेट. मुंबईसारख्या बऱ्याच एअरपोर्टवर हल्ली प्रत्येक विमानाची घोषणा करत नाहीत, त्यामुळे कानात इअरफोन घालून स्लाइड्स करत बसलात आणि गेट बदललं तर कळणारही नाही. दर दहा-पंधरा मिनिटांनी स्क्रीनकडे बघा, आणि शक्यतो गेटसमोरच बसा. शंका आली की गेटवरच्या स्टाफला विचारा, युनिफॉर्ममधल्या कुणालाही विचारा, मराठीत विचारा, हिंदीत विचारा. दिवसभर त्यांना हेच प्रश्न येतात, तुमच्याकडे बघून कुणी हसत नाही. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, तिथे धावपट्टीचे, लष्करी विमानांचे फोटो काढू नका, घरच्यांना पाठवायचा सेल्फी टर्मिनलमधेच काढा.

विमानात

रांगेचा नंबर आणि अक्षर बघून बसायचं, ए आणि एफ खिडकीच्या. पट्टा बांधता येत नसेल तर एअरहोस्टेसला सांगा. चढताना आणि विशेषतः उतरताना कानात दडे बसतात, तेव्हा चॉकलेट चघळा, आवंढा गिळत राहा, आणि विमान खाली यायला लागल्यावर झोपू नका. सर्दी असेल तर जास्त त्रास होतो, निघायच्या आधी डॉक्टरांना विचारून नाकाचे थेंब घ्या. ढगांतून जाताना हादरे बसतात ते नेहमीचंच असतं.

मधे उतरून विमान बदलायचं असेल तर 'ट्रान्सफर' असा बोर्ड बघत जा, एक्झिटच्या दारातून बाहेर पडू नका.

लेट झालं, रद्द झालं, बॅग आली नाही

लेट होण्याचे नियम डीजीसीएने (विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था) ठरवलेले आहेत आणि ते माहीत असले की बोलता येतं. तीन तासांच्या प्रवासाचं विमान तीन तासांहून जास्त लेट होणार असेल तर खाणंपिणं एअरलाइनने द्यायचं असतं. सहा तासांहून जास्त लेट किंवा रद्द झालं तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यातलं काय हवं ते तुम्ही सांगायचं. काउंटरवर शांतपणे पण ठामपणे मागा. नाही ऐकलं तर सरकारचं एअरसेवा ॲप आहे, त्यावर तक्रार करा. आणि लगेच आयोजकांना मेसेज टाका, सेशनची वेळ पुढेमागे करून देतात, पण आधी कळवलं तरच.

बॅग पट्ट्यावर आलीच नाही तर एअरपोर्टच्या बाहेर पडायच्या आधी एअरलाइनच्या काउंटरवर जाऊन पीआयआर नावाचा फॉर्म भरा, त्याची प्रत घ्या. बाहेर पडून नंतर फोन केलात तर काम फार अवघड होतं. तो पट्टीचा तुकडा इथे लागतो.

उतरल्यावर

गुवाहाटीचं एअरपोर्ट बोरझारला आहे आणि आयआयटी ब्रह्मपुत्रेच्या उत्तर काठावर, म्हणजे शराईघाटचा पूल ओलांडून पलीकडे, साधारण २० किलोमीटर. आयोजकांची गाडी आहे का हे आधीच विचारून ठेवा, त्याच वेळेला उतरणारं दुसरं कोण आहे तेही विचारा, भाडं वाटून घेता येतं. नाहीतर प्रीपेड टॅक्सी किंवा ॲपवरची कॅब, बाहेर येऊन हात धरून ओढणाऱ्यांच्या मागे जाऊ नका. डिसेंबरमधे तिकडे साडेचारलाच सूर्य मावळतो, सहाला चक्क रात्र वाटते, त्यामुळे दुपारी दोनपर्यंत उतरणारं विमान घ्या, मुलींनी तर नक्की. कॅबचा नंबर आणि लोकेशन घरी पाठवा, अडचण आली तर ११२. स्वेटर न्या, पांघरूणही विचारून घ्या, होस्टेलच्या खोलीत नेहमी असतंच असं नाही.

तिकडे गेलोच आहोत तर फिरून येऊ असं वाटणारच. शिलाँग, काझीरंगाला काही परवाना लागत नाही, पण अरुणाचल, नागालँड, मिझोरम, मणिपूरला इनर लाइन परमिट लागतं, ते निघायच्या आधी काढा. आणि कॉन्फरन्स श्रीनगरला असेल तर लक्षात ठेवा, आपलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमधे चालत नाही, पोस्टपेड लागतं.

कॉन्फरन्समधे एकटे असणं हा खरं तर फायदा आहे. ग्रुपने गेलेली मुलं आपापसातच बसतात, आपापसातच जेवतात. एकटं असलं की शेजारच्याशी बोलावंच लागतं. चहाच्या वेळी पोस्टरपाशी थांबा, ज्यांचे पेपर तुम्ही वाचलेत ते दिसले तर जाऊन एवढंच म्हणा की तुमचा अमुक पेपर वाचला, माझं काम त्याच्याशी जोडलेलं आहे. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, विषय पक्का असला की समोरचा थांबून ऐकतो. प्रेझेंटेशन आदल्या दिवशीच त्यांच्या कॉम्प्युटरवर टाकून उघडून बघा, देवनागरी किंवा गणिताची चिन्हं बिघडतात, म्हणून पीपीटीसोबत पीडीएफ पण ठेवा.

परत आल्यावरचं काम

निघायच्या आधी, शेवटच्या दिवशी दुपारी, रजिस्ट्रेशन डेस्कवर जाऊन हजेरीचं प्रमाणपत्र सहीशिक्क्यासह घ्या. मेलवर पाठवू म्हणतात आणि मग दोन-दोन महिने येत नाही, आणि त्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. विमानाचे सगळे बोर्डिंग पास, जातानाचे आणि येतानाचे, फेकू नका, मोबाईलवर असतील तर पीडीएफ सेव्ह करा कारण विमान गेल्यावर ॲपमधून नाहीसे होतात. पुण्याला परत उतरलात की कॅब समोरच्या एरोमॉलच्या पार्किंगमधून मिळते, तिथली पावतीही ठेवा.

तिकिटाचं इनव्हॉइस, बोर्डिंग पास, रजिस्ट्रेशनची पावती, राहण्याचं बिल, प्रमाणपत्र, गाईडची सही असलेला अर्ज, हे सगळं आठवड्याभरात द्या, मार्च जवळ असेल तर त्याहून लवकर, कारण ३१ मार्चनंतर तो हेडच बंद होतो. द्यायच्या आधी सगळ्याची झेरॉक्स काढून स्वतःकडे ठेवा आणि इनवर्डला तारीख टाकून पोच घ्या.